चुकलेल्या नाण्याचें मोल

व्यवहारांत चूक झाली म्हणजे वस्तूचें मोल घटतें. टांकसाळींतून चुकून सुटलेल्या नाण्याचें मात्र कित्येकदां वाढतें. या विपरीत न्यायाचें उत्तम उदाहरण अमेरिकेच्या स्मारक-डॉलरांत सांपडतें.

दिवंगत राष्ट्राध्यक्षांच्या स्मरणार्थ डॉलरचीं नाणीं पाडावीं, असा कायदा अमेरिकेंत २००५ सालीं झाला. आणि २००७ च्या फेब्रुवारींत जॉर्ज वॉशिंग्टन यांच्या मुद्रेचें पहिलें नाणें बाहेर पडलें. हें नाणें सोन्यासारखें दिसतें, परंतु त्यांत सोनें नाहीं. तांब्याच्या गाभ्यावर मँगनीजमिश्रित पितळेचा पत्रा आहे. वजन ८.१ ग्रॅम, व्यास २६.५ मिलिमीटर. हे दोन आंकडे संग्राहकानें ध्यानांत ठेवावे. त्यांचें प्रयोजन पुढें दिसेल.

साल, टांकसाळीचें चिन्ह व ईश्वरावरील विश्वासाचें राष्ट्रीय ब्रीद हीं प्रथम नाण्याच्या कडेवर कोरलेलीं असत. दोन्ही बाजूंचे ठसे एका यंत्रांत उमटत, कडेचीं अक्षरें दुसऱ्यांत. वॉशिंग्टन यांचीं हजारों नाणीं या दुसऱ्या यंत्राकडे गेलींच नाहींत. तीं कोऱ्या कडेनें थेट पेढ्यांतून लोकांच्या हातीं पडलीं. ब्रीद नाहींसें पाहून लोकांनीं त्यांस ‘निरीश्वर डॉलर’ म्हटलें. उलट, जॉन ॲडम्स यांचीं कांहीं नाणीं यंत्रांतून दोनदां गेलीं व त्यांच्या कडेवर दुहेरी अक्षरें उमटलीं. २००९ पासून ब्रीद दर्शनी बाजूवर आलें.

कोऱ्या कडेस भाव येतांच लबाडांनीं कानस हातीं घेतली. चांगल्या नाण्याचीं अक्षरें घासून टाकावीं आणि भोळ्या गिऱ्हाइकाच्या पदरीं बांधावें, हा धंदा सुरू झाला. पण कानस अक्षरांबरोबर धातूहि खाते. म्हणून वजन व व्यास मोजावा. दोन्ही उणे भरले, किंवा भिंगाखालीं कडेवर ओरखडे दिसले, तर नाणें परत करावें. तसेंच अक्षरें उलटीं दिसलीं तरी हर्ष मानूं नये. नाणीं यंत्रांत कशींहि पडत. म्हणून उलटीं वा सुलटीं अक्षरें ही चूकच नव्हे. शिवाय कोरीं नाणीं हजारोंनीं निघतांच त्यांचा आरंभींचा भावहि उतरला.

खरी दुर्मिळता निराळी. २००० सालीं सॅकाजविया या आदिवासी स्त्रीच्या मुद्रेचा डॉलर निघाला. त्या वर्षीं एका यंत्रांत पाव डॉलरचा दर्शनी ठसा चुकून बसविला गेला. दोहोंच्या व्यासांत फरक सुमारें दोन मिलिमीटरांचा, म्हणून तो वेळीं ध्यानांत आला नाहीं. एका बाजूस पाव डॉलरवरील वॉशिंग्टन, दुसरीस डॉलरचा उडता गरुड, अशीं जोडनाणीं जन्मास आलीं. त्यांतलीं बहुतेक टांकसाळीनें नष्ट केलीं; आज सुमारें वीसच ज्ञात आहेत. त्यांतल्या कांहींना लाखावर डॉलर मिळाले आहेत.

आणि निर्दोष नाण्यांचें काय झालें? लोकांना कागदी डॉलरच सोयीचा वाटला. एक अब्जाहून अधिक नाणीं कोठारांत पडून राहिलीं, आणि २०११ च्या अखेरीस चलनासाठीं राष्ट्राध्यक्षांचे डॉलर पाडणें थांबविण्यांत आलें. ज्यांच्या गौरवार्थ नाणीं निघालीं, त्यांचीं नांवें संग्राहक कदाचित् विसरेल; कड मात्र तो दोनदां पाहील. पाहावीच, परंतु पैसे मोजण्यापूर्वीं तराजू जवळ असावा.