जोर केला आणि डोळ्यापुढे डाग आला

सकाळी शौचाच्या वेळी जोर करावा लागला आणि उठताक्षणी एका डोळ्यापुढे तांबूस-काळा डाग येऊन बसला. समोरच्या माणसाचे कान दिसतात, चेहरा मात्र दिसत नाही. डोळा दुखत नाही, लालही होत नाही. अशी तक्रार घेऊन आलेले एक आजोबा ‘मोतीबिंदू पिकला असेल’ असे समजून चार दिवस घरीच थांबले होते. आपण तसे थांबू नये, म्हणून हा लेख.

खोकल्याची उबळ, उलटी, जड ओझे किंवा कुंथणे, या वेळी आपण श्वास कोंडतो. छाती-पोटातील वाढलेला दाब शिरांमधून डोळ्यापर्यंत पोहोचतो आणि दृष्टिपटलावरील एखादी नाजूक केशवाहिनी फुटते. अमेरिकी नेत्रतज्ज्ञ थॉमस ड्युएन यांनी १९७२ साली वर्णिलेला हा विकार ‘वल्साल्व्हा रेटिनोपथी’ म्हणून ओळखला जातो.

रक्त दृष्टिपटलाच्या मध्यभागी, पातळ पडद्याआड साचते. थोडे असल्यास काही आठवड्यांत वा महिन्यांत ते आपोआप शोषले जाते. साठा मोठा आणि ताजा असेल, तर नेत्रतज्ज्ञ ‘याग लेसर’ने त्या पडद्याला सूक्ष्म छिद्र पाडतात. डोळा थेंबांनी बधिर करतात. टाका घालावा लागत नाही. कोंडलेले रक्त डोळ्यातील जेलीसारख्या द्रव्यात उतरते आणि दृष्टीचा मध्य मोकळा होतो. पुढे काही काळ काळे ठिपके तरंगतात, मग विरतात. दृष्टिपटलास इजा होण्याचा अल्प धोका असतो. तो आधी समजून घ्यावा. रक्त गोठून गेल्यावर मात्र लेसरचा उपयोग कमी होतो आणि कधी शस्त्रक्रिया करावी लागते.

उतारवयात जोर हे अनेकदा केवळ निमित्त ठरते. मुळाशी मधुमेह, उच्च रक्तदाब, तुंबलेली शीर किंवा फाटलेले दृष्टिपटल असू शकते. म्हणून त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांकडून बाहुली मोठी करून तपासणी करून घ्यावी. रक्तदाब व साखरही पाहावी. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या स्वतःच्या मनाने बंद करू नयेत.

तोवर वाकणे, ओझे उचलणे टाळावे आणि उशी उंच घ्यावी. आहारात पालेभाज्या, फळे व पुरेसे पाणी ठेवावे. हृदय वा मूत्रपिंडाचा विकार असल्यास पाण्याचे प्रमाण डॉक्टरांना विचारावे.

घरातील ज्येष्ठांना शौचाबद्दल विचारण्यास संकोच करू नका. एक डोळा झाकून दुसऱ्याने दिनदर्शिका वाचायला सांगा. एका डोळ्याची उणीव दुसरा डोळा बेमालूम झाकून टाकतो.