एक इंचाचा सेंट

कॅनडा देशात १८५८ पासून १९२० पर्यंत एक मोठे नाणे चालत असे. त्याचे नाव सेंट. सेंट म्हणजे डॉलरचा शंभरावा भाग. आपल्या रुपयाला जसा पैसा, तसा डॉलरला सेंट. पुढे हे नाणे लहान करण्यात आले, म्हणून जुन्याला आता 'मोठा सेंट' म्हणतात. नाणी जमवणाऱ्या मंडळींत या मोठ्या सेंटांचा पूर्ण संच जमवणे हा एक आवडता उद्योग आहे. संच फार मोठा नाही, त्यातली बरीचशी नाणी फार महागही नाहीत. आणि तरीसुद्धा शेवटची दोनचार घरे भरताना माणसाचा चांगलाच कस लागतो. 'घर' म्हणजे संग्रहाच्या पेटीतली एकेका नाण्याची खोबण, बरं का. रिकामे घर डोळ्यांना खुपत राहते, आणि खरा धोका तिथेच असतो. तो कसा, ते पुढे सांगतो.

आधी हे नाणे आले कसे ते पाहू. त्या वेळी कॅनडा म्हणजे आजच्या ओंटॅरिओ आणि क्वेबेक या प्रांतांचा काही भाग. लोक हिशेब पौंड, शिलिंग, पेन्सचा करीत आणि हातात मिळेल ते नाणे चालवीत. १ जानेवारी १८५८ पासून सरकारी हिशेब दशमान पद्धतीने, डॉलर आणि सेंटमध्ये होऊ लागले. आपल्याकडे हाच बदल १ एप्रिल १९५७ रोजी झाला. आणे मोडून 'नवे पैसे' करताना बाजारात उडालेली तारांबळ वडीलधाऱ्या मंडळींच्या तोंडून आपण ऐकली असेल. कॅनडाची तारांबळ तिच्याहून जवळजवळ शंभर वर्षे जुनी.

नवा सेंट लंडनच्या टाकसाळीत तयार झाला. एका बाजूला पर्णमाला ल्यालेली तरुण व्हिक्टोरिया राणी, दुसऱ्या बाजूला मेपल वृक्षाच्या सोळा पानांची वळणदार वेल. ठसे लेनर्ड वायन या कारागिराचे. धातू कांसे, म्हणजे शंभर भागांत ९५ भाग तांबे, ४ भाग कथील आणि १ भाग जस्त. यात एक मोठी नामी योजना होती. नाण्याचा व्यास बरोबर एक इंच, आणि शंभर नाण्यांचे वजन बरोबर एक रत्तल, म्हणजे पौंड. बारा नाणी ओळीने मांडली की एक फूट झाला! शिक्षकांनी जरा कल्पना करून पाहावी. ज्या पोराच्या खिशात बारा सेंट, त्याच्या खिशात फूटपट्टी. दुकानदाराजवळ शेकडा सेंट असले की रत्तलाचे वजन हाताशी आहेच.

योजना चांगली, पण लोकांना नाणे पसंत पडले नाही. त्यांच्या हाताला बँकांनी काढलेल्या तांब्याच्या जाड टोकनांची सवय होती. बँकेचा अर्ध्या पेनीचा टोकन किमतीने सेंटपेक्षा कमी, पण वजनाला पुष्कळ जड. मग हा हलका, पातळ सेंट जास्त किमतीचा कसा? गावच्या बाजारात बसणाऱ्या कोणत्याही बाईने हाच प्रश्न विचारला असता. १८५८ साली सुमारे ४ लाख २१ हजार नाणी पाडली होती. १८५९ साली ९५ लाखांहून अधिक. लोकसंख्या सुमारे २५ लाख. नाणी पडून राहिली. शेवटी शेकडा वीस टक्के सूट देऊन ती खपवावी लागली. सरकारने स्वतःचेच चलन सवलतीच्या दराने विकायचे, ही मोठी गंमतच म्हणायची. १८६७ साली निरनिराळे प्रांत मिळून नवा कॅनडा झाला, तेव्हा हा साठा त्याच्या वाट्याला आला आणि तो पुरा संपेपर्यंत नवा सेंट काढण्याची गरजच पडली नाही. संग्रहाच्या पेटीत १८५९ नंतर एकदम १८७६ येते ते यामुळे. मधली सोळा वर्षे कितीही शोधा, या देशाचा सेंट सापडणार नाही, कारण तो पाडलेलाच नाही.

१८७६ साली मात्र सरकार शहाणे झाले होते. नव्या नाण्याचे वजन वाढवून रत्तलाला ८० नाणी असे ठरले. एक नाणे सुमारे ५.६७ ग्रॅमचे, दोन मिळून आपल्या तोळ्याला थोडी कमी. ही नाणी बर्मिंगहॅमच्या हीटन यांच्या खाजगी टाकसाळीत तयार झाली, आणि खूण म्हणून मागल्या बाजूला खालच्या अंगास रोमन लिपीतले 'एच' हे बारीक अक्षर आले. पुढे कधी लंडन, कधी हीटन असे चालले. ज्याला संच पूर्ण करायचा आहे त्याने सन वाचून थांबू नये, हे अक्षर आहे की नाही तेही पाहावे. १९०० साली नाणी दोन्हीकडे पाडली गेली, १९०७ सालीही तसेच. म्हणून त्या दोन वर्षांना प्रत्येकी दोन घरे. १९०७ चे 'एच' असलेले नाणे फक्त ८ लाख निघाले, आणि ते मिळवताना पुष्कळांची दमछाक होते.

आता बेरीज करू. तरुण राणीची नाणी २, मुकुट ल्यालेल्या प्रौढ राणीची २०, सातव्या एडवर्डची १०, पाचव्या जॉर्जची १०. एकूण ४२. सन आणि टाकसाळ एवढेच धरले तर बेचाळीस घरांत संच पूर्ण. पण १८९१ साली तीन तऱ्हेची नाणी निघाली: मोठा सन व मोठी पाने, मोठा सन व लहान पाने, आणि लहान सन व लहान पाने. यातली मधली तऱ्हा सर्वांत दुर्मिळ. ती धरली तर घरे झाली ४४. त्यापुढे १८५९ ची काही नाणी अशी आहेत की आदल्या वर्षाच्या ठशावरील ८ वर ९ हा आकडा ठोकलेला भिंगातून दिसतो. त्यांच्या मागे लागले की अंत नाही. शिवाय नोव्हा स्कॉशिया, न्यू ब्रन्सविक, प्रिन्स एडवर्ड बेट यांनी संघात येण्यापूर्वी आपले स्वतंत्र सेंट काढले होते. न्यूफाउंडलंडने तर मोठा सेंट १९३६ पर्यंत चालवला. माझे मत विचाराल तर आपली सीमा पहिल्याच दिवशी वहीत लिहून ठेवावी. शाळेसाठी करायचे असेल तर पाच नाणी पुरेत: तरुण राणी, प्रौढ राणी, एडवर्ड, १९११ चा जॉर्ज आणि त्यानंतरचा जॉर्ज. १९११ वेगळे का, ते सांगतोच.

त्याआधी रिकाम्या घराचा धोका. चाळीस घरे भरली, दोन राहिली, की माणूस उतावळा होतो. अशा वेळी समोर येते एक लखलखीत १८५८. नवे कोरे दिसते! पण दीडशे वर्षांहून जुने कांसे बहुधा तपकिरी झालेले असते. ज्या नाण्याने मूळची लाली राखली आहे, तिची झाक निराळी, मऊ असते. घासून आणलेली चमक एकसारखी, उघडी आणि फिक्कट गुलाबी दिसते, आणि भिंगाखाली बारीक ओरखडे एकाच दिशेने गेलेले दिसतात. आपल्या घरी तांब्याचा हंडा चिंच नि राखेने घासतात, म्हणून हा मोह आपल्याला जास्त. हंड्याला ते शोभते, नाण्याला नाही. तपकिरी थर म्हणजे मळ नव्हे. तो धातूचीच वरची पातळ साय आहे. ती एकदा खरवडली की पुन्हा कोणी आणून देऊ शकत नाही. घर रिकामे राहिले तर उद्या भरता येते. घासलेले नाणे मात्र कायमचे गेले. नाणे कडेने धरावे, घामेजल्या बोटांनी त्याच्या तोंडाला हात लावू नये, कोरड्या जागी ठेवावे. पीव्हीसीच्या मऊ प्लॅस्टिक पिशव्या टाळाव्या. कालांतराने त्यांतून हिरवट चिकट द्रव सुटतो आणि कांसे खातो. कोकणातल्या पावसाळ्यात तर दुप्पट जपावे.

एडवर्डच्या काळातली मोठी घटना म्हणजे कॅनडाची स्वतःची टाकसाळ. २ जानेवारी १९०८ रोजी ओटावा येथे ती सुरू झाली, आणि त्यानंतर सेंट घरचाच झाला.

आता १९११. पाचवा जॉर्ज गादीवर आला, नवा मुखवटा बर्ट्रम मॅकेनल या शिल्पकाराने घडवला. भोवतालच्या लॅटिन अक्षरांत 'राजा आणि हिंदुस्थानचा सम्राट' ही पदवी बसवायची होती. जागा थोडी, म्हणून 'ईश्वरकृपेने' हे शब्द गळाले. कॅनडात केवढा गहजब झाला! लोक या नाण्यांना 'ईश्वरहीन' म्हणू लागले. १९१२ पासून ते शब्द संक्षेपाने परत आले, आणि १९११ चे नाणे एकटे पडले. योगायोग असा की त्याच साली, त्याच शिल्पकाराच्या मुखवट्याने आपल्याकडेही घोटाळा केला. रुपयावर राजाच्या झग्यावर हत्तीची आकृती होती, ती लोकांना डुकरासारखी दिसली. ते रुपये परत घेऊन १९१२ साली हत्ती सुधारावा लागला. हिंदुस्थानच्या त्या पदवीने कॅनडाच्या टाकसाळीला पुढे आणखी एकदा पेचात टाकले. १९४७ साली आपण स्वतंत्र झालो, आणि 'हिंदुस्थानचा सम्राट' हे शब्द काढणे भाग पडले. नवे ठसे यायला उशीर झाला, म्हणून १९४८ साली ओटावाने १९४७ चाच सन घालून नाणी पाडली आणि सनाशेजारी मेपलचे चिमुकले पान उमटवले. ते सेंट अर्थात लहान आकाराचे, आपल्या पेटीतले नव्हेत.

कारण मोठा सेंट १९२० साली संपला होता. पाऊण इंचाचा, सव्वातीन ग्रॅमचा नवा सेंट अमेरिकेच्या सेंटाएवढाच केला, तांबेही वाचले. तो लहान सेंटही ४ मे २०१२ रोजी शेवटचा पाडला गेला. १९२० साली मात्र मोठा आणि लहान असे दोन्ही निघाले. त्या सनाचे मोठे नाणे सहज आणि स्वस्त मिळते. ज्याला हा संच आरंभायचा आहे त्याने तेथूनच, म्हणजे शेवटच्या घरापासून, मागे मागे जात सुरुवात करावी.