आई नसलेली पिल्ले

खुडूक कोंबडी ज्यांनी पाहिली आहे, त्यांना ठाऊक असेल, की एकविसाव्या दिवशी पिल्ले बाहेर पडली म्हणजे लवकरच ती बया त्यांना घेऊन उकिरड्याकडे निघते. ती उकरते, आणि पिल्ले वाटेल त्यात चोच मारतात; आईच्या विष्ठेतसुद्धा! माझ्या आजीला याची फार शिसारी येई. पण पिल्लांचे खरे बाळकडू तेच, हे कळले दूरच्या फिनलंडमध्ये.

तिथे १९७१ साली साल्मोनेला इन्फॅन्टिस नावाच्या जंतूने माणसे आजारी पडली, आणि माग निघाला तो ब्रॉयलर कोंबड्यांपर्यंत. (साल्मोनेलाचा सॅमन माशाशी संबंध नाही बरे का, डॅनिअल सॅमन हे एका अमेरिकन पशुवैद्याचे नाव.) कोडे असे, की मोठी कोंबडी या जंतूला सहसा दाद देत नाही, पण एका दिवसाचे पिल्लू मोजक्या जंतूंनीही बाधते. असे का?

एस्को नुर्मी या शास्त्रज्ञाचे लक्ष उबवणी यंत्राकडे गेले. यंत्र स्वच्छ, खोकी स्वच्छ, शेड धुतलेली. पिल्लाने आई पाहिलेलीच नाही! त्याचे आतडे म्हणजे रिकामे घर; जो आधी शिरेल तो मालक. नुर्मी आणि रांताला यांनी निरोगी, वयात आलेल्या कोंबड्यांच्या आतड्यातला ऐवज पिल्लांना पाजला, आणि साल्मोनेलाला बूड टेकायला जागा उरली नाही. सज्जन जंतूंनी जागा धरली, अन्न खाल्ले, वर आम्लही तयार केले. १९७३ साली हे ‘नेचर’मध्ये छापून आले. पुढे असे तपासलेले जंतू उबवणी केंद्रातच पिल्लांवर फवारू लागले. मात्र रोग आधीच शिरला असेल, तर या उपायाचा भरवसा नाही.

“मग आपली गावरानच बरी!” असे कोणी म्हणेल. तसे नव्हे. उकिरड्यावर उंदीर येतात, रानपाखरे शिटतात. गावरान कोंबडीतही साल्मोनेला सापडतो. पण तिथे एक कोंबडी आजारली तर दहा-वीस धोक्यात. शेडमध्ये हजारो पिल्ले एकाच तुसावर चोच मारतात.

आमच्या गावाजवळच्या एका शेडमध्ये मी गेलो होतो. पाण्याच्या भांड्यांखाली तूस ओले होऊन त्याच्या ढेपा झालेल्या. जंतूंना याहून काय हवे? “पहिल्या दिवशी काय देता?” मी विचारले. मालक म्हणाले, “गूळपाणी. आणि मग औषध.” “आजारी आहेत का?” “छे हो, पडू नयेत म्हणून!” हे औषध म्हणजे प्रतिजैविक. ते चोराबरोबर राखणदारालाही मारते, आणि जे जंतू त्यातून तगतात ते पुढे माणसाच्या औषधालाही जुमानत नाहीत. म्हणूनच २०१९ साली भारत सरकारने कोलिस्टिन हे औषध कोंबड्यांना देण्यावर बंदी घातली. त्यापेक्षा तूस कोरडे ठेवणे, एका वेळी एकाच वयाची पिल्ले भरणे, ती गेली की शेड धुऊन, चुना मारून काही दिवस रिकामी ठेवणे, हे कष्टाचे, पण फळते.

ब्रिटनमध्ये १९९८ पासून अंड्यांच्या कोंबड्यांना साल्मोनेलाची लस मोठ्या प्रमाणावर देऊ लागले. २०१७ साली तिथल्या सरकारी खात्याने सिंहाचा शिक्का असलेली अंडी गर्भवतींनाही अर्धकच्ची खायला मोकळीक दिली. आपल्याकडे तो शिक्का नाही, तेव्हा अंडे पुरते उकडावे. कोंबडी नळाखाली धुऊ नये, शिंतोड्यांनी जंतू ओटाभर होतात. आणि जिच्यावर ती कापली, त्या विळीवर कोशिंबिरीची काकडी तर मुळीच चिरू नये.