जिरणाऱ्या पाण्याचा आवाज

पाण्यासाठी मराठीत आवाजांची रांगच आहे. पाऊस रिमझिमतो नाहीतर धो धो कोसळतो, पागोळ्या टपटपतात, ओढा खळखळतो, झरा झुळझुळतो. जमिनीत जिरणाऱ्या पाण्याला मात्र असा शब्द नाही, कारण ते जिरताना ऐकूच येत नाही. पारनेर तालुक्यातल्या राळेगणसिद्धीचं नाव अडवून जिरवलेल्या या न ऐकू येणाऱ्या पाण्यामुळे झालं. म्हणून रोजच्या आणि निसर्गातल्या आवाजांतून व्हिडिओ उभा करणाऱ्याला हे गाव अवघड आहे, आणि तितकंच मोलाचं.

अशा व्हिडिओत नेहमीचा क्रम उलटा असतो. एरवी आधी दृश्य येतं आणि मागाहून त्याला संगीत चिकटवलं जातं. इथे आवाज आधी गोळा होतात, त्यांची रचना ठरते आणि चित्र त्यांच्या मागून चालतं. कल्पना नवी नाही. १९३० साली बर्लिनच्या वॉल्टर रुटमनने ‘वीकएंड’ हा सुमारे अकरा मिनिटांचा सिनेमा केला. त्यात एकही दृश्य नाही. शनिवारचं काम संपण्यापासून सोमवारी पुन्हा कामाला जुंपून घेईपर्यंतचं शहर त्याने फिल्मच्या पट्टीवर नुसत्या आवाजांनी मांडलं. १९४८ मध्ये पॅरिसच्या पिएर शेफेरने रेल्वे इंजिनांचे आवाज तबकड्यांवर घेतले, त्यातले तुकडे फिरवून फिरवून वाजवले आणि ते रेडिओवर संगीत म्हणून ऐकवले.

राळेगणच्या दृष्टीने त्याहून जवळचं उदाहरण १९७५ चं आहे. कॅनडाच्या मरी शेफर यांच्या गटाने युरोपातली पाच गावं निवडली: स्वीडनमधलं स्क्रूव, जर्मनीतलं बिसिंगन, इटलीतलं चेंब्रा, फ्रान्सच्या किनाऱ्यावरचं लेस्कोनिल आणि स्कॉटलंडमधलं डॉलर. प्रत्येक गावात राहून त्यांनी तिथले आवाज ध्वनिमुद्रित केले, मोजले, त्यांच्या वेळा टिपल्या. लेस्कोनिल हे मच्छीमारांचं गाव. तिथे दिवसभरात वारा जसा दिशा बदलतो, तसं कुठल्या बाजूचं काय कानावर येईल तेही बदलतं, हे त्यांनी नोंदवलं. पंचवीसेक वर्षांनी फिनलंडचे अभ्यासक त्याच गावांत पुन्हा गेले, तेव्हा काय नाहीसं झालं आणि काय नव्याने आलं हे पडताळून पाहता आलं. योगायोग असा, की त्याच १९७५ साली लष्करातून निवृत्त झालेले अण्णा हजारे राळेगणला परतले आणि गाव बदलू लागलं. त्या वर्षीच्या राळेगणचे आवाज आज हाती असते, तर केवढा ठेवा झाला असता!

तरी त्या आवाजांचा माग काढता येतो, आणि तो गावाच्या नियमांतून काढता येतो. नशाबंदी, कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, कुटुंबनियोजन आणि श्रमदान ही गावाची पंचसूत्री पुढे राज्याच्या आदर्श गाव योजनेनेही स्वीकारली. ती कान देऊन वाचली, तर आवाजांचा जमाखर्च वाटते. कुऱ्हाडबंदी म्हणजे घावाचा ठक्‌ ठक्‌ थांबला. चराईबंदी म्हणजे माळावर मोकाट चरणाऱ्या जनावरांच्या गळ्यातली घुंगरं गोठ्यात आली आणि वैरण दावणीला आणून घालायची झाली; रानातली किणकिण गेली, गोठ्यातली कडबाकुट्टीची घरघर आली. नशाबंदीच्या आधी दारूच्या भट्ट्यांपायी यादवबाबांच्या मंदिराचं लाकूडसुद्धा जळलं होतं, असं गावाच्या इतिहासात सांगितलं जातं. मंदिर पुन्हा उभं राहिलं आणि गाव तिथे बसू लागलं. जे आता वाजत नाही, त्याची मोकळी जागा रचनेत ठेवणं हे इथलं खरं कसब आहे.

बैलांच्या जोरावर विहिरीतलं पाणी ओढणाऱ्या मोटेचं उदाहरण घेऊ. चाकाची कुरकुर, धावेवरून उतरणारे बैल, थारोळ्यात ओतलं जाणारं पाणी, यातलं काहीच आता प्रत्यक्ष मिळणार नाही. पण वयस्कर आजोबांना विचारलं, ‘बाबा, चाक कसं वाजायचं हो?’ तर ते तोंडाने काढून दाखवतील. ती नक्कलच ध्वनिमुद्रित करावी. तिच्यात चाक असतं आणि ते आठवणारा माणूसही असतो.

साधनं फार लागत नाहीत. मोबाइल चालतो, पण त्यातली गोंगाट कमी करण्याची सोय आधी बंद करावी लागते. ती पानांची सळसळ आणि किड्यांची किरकिर नको असलेला आवाज समजून पुसून टाकते. पारनेरच्या उघड्या माळावर वारा माइकवर आदळून फडफडतो, त्याला केसाळ कापडाचं आवरण लागतं. फाइल शक्यतो दाबून लहान केलेली नसावी. प्रत्येक ठिकाणी काहीही न करता किमान एक मिनिट नुसतं थांबून तिथली शांतता घ्यावी, कारण दोन तुकडे जोडताना तीच सांधा झाकते. भजन किंवा ग्रामसभा घ्यायची असेल तर आधी परवानगी, मग रेकॉर्डर.

विहिरीवर मात्र वेगळी युक्ती हवी. बझरमध्ये असते तशी पितळी पिझो चकती वायरने रेकॉर्डरला जोडून मोटरच्या पाइपला घट्ट चिकटवली, की ती हवेतला नव्हे तर पाइपच्या अंगातला थरार ऐकते. खटका दाबताच आधी पोकळ गुंगुं, मग अडकलेल्या हवेचे हुंदके, मग पाणी वर चढू लागलं की आवाज भरत भरत जाड होतो आणि एका क्षणी स्थिर होतो. बाहेर उभ्या माणसाला यातलं फार थोडं कळतं. मोटर कुठल्या वेळी वाजते हेही महत्त्वाचं. शेतीला दिवसा सौर वीज देणारी मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २०१७ मध्ये सुरू झाली, तेव्हा पहिल्या गावांत राळेगणसिद्धी होतं. रात्रपाळीची वीज असलेल्या शिवारात मोटर रातकिड्यांच्या सोबतीने चालते. दिवसा वीज आली, की तीच मोटर पाखरांच्या सोबतीने ऐकू येते. त्यामुळे प्रत्येक तुकड्यासोबत तारीख, वेळ आणि वाऱ्याची दिशा लिहून ठेवायलाच हवी. मृगाच्या तोंडावर ‘पेरते व्हा’ म्हणणारा पावशा दिवाळीतल्या दृश्यावर घातला, तर गावातलं शेंबडं पोरही चूक पकडेल.

आवाजाला असा मान देणारा सिनेमा मराठीत झालेला आहे. अक्षय इंडीकर यांच्या ‘त्रिज्या’साठी मंदार कमलापूरकर यांना ६७व्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत ध्वनिरचनेचा पुरस्कार मिळाला. छोट्या व्हिडिओलाही तीच शिस्त लागते: कॅमेरा तिकाटण्यावर स्थिर, दृश्य लांब, आणि पुढच्या जागेचा आवाज दृश्याच्या आधी दोन-तीन सेकंद येऊ द्यायचा.

राळेगणच्या अशा व्हिडिओचा शेवट पावसानंतरच्या नालाबांधावर व्हावा. सुरुवातीला वरून येणारा ओढा खळखळत असेल. बांधाशी तो मंदावेल, मग नुसती टिटवी आणि वारा. फुगवटा हलत नाही, काही वाजत नाही. ते दृश्य कापायची घाई करू नये, पुरतं मिनिटभर तसंच राहू द्यावं. आणि मग चित्र तेच ठेवून, खालच्या अंगाच्या विहिरीवरची मोटर सुरू व्हावी, पाइपमधल्या हवेच्या पहिल्या हुंदक्यासकट.