ठिपका बोलतो

अलिबागजवळ थळ येथे राष्ट्रीय केमिकल्स अँड फर्टिलायझर्सचा मोठा खत कारखाना आहे. तेथे युरिया तयार होतो. युरियाचे पोते साधारणपणे ४५ किलोचे असते. मुलांनो, अशी हजारो पोती भरताना प्रत्येकाचे वजन बरोबर आहे, हे कसे ओळखावे?

समजा, दर तासाला पाच पोती तोलली. वजनांची सरासरी काढून आलेखावर ठिपका दिला. आलेखावर मधली रेषा आणि वर-खाली दोन मर्यादारेषा असतात. त्या आधीच्या नोंदींवरून गणिताने ठरवतात. ठिपके थोडे वर-खाली होणारच. तेवढ्यासाठी यंत्र हलवले, तर फरक उलट वाढतो. मात्र ठिपका रेषेबाहेर गेला किंवा ठिपके सतत खाली सरकू लागले, तर कारण शोधायचे. काटा बिघडला का? की किनाऱ्यावरच्या दमट हवेने खत चिकटले?

अमेरिकेतील वॉल्टर शूहार्ट यांनी १९२४ मध्ये असा पहिला आलेख तयार केला. प्रशांतचंद्र महालनोबिस यांच्या निमंत्रणावरून ते १९४७-४८ मध्ये भारतात आले होते.

पोते कमी भरले, तर नुकसान गरीब शेतकऱ्याचे होते. ते शेतावर पोहोचण्याआधीच हा छोटा ठिपका आपल्याला सावध करतो.