हार्वर्डच्या वर्गातले पहिले काही आठवडे

परदेशी एमबीएला निघालेल्या मुलांनो, सामानाच्या यादीइतकीच वर्गाचीही तयारी करा. हार्वर्ड बिझनेस स्कूलचंच बघा. १९०८ साली सुरू झालेल्या या संस्थेत शिकवण्याचा मुख्य आधार म्हणजे 'केस'. एखाद्या कंपनीपुढचा खरा पेच कागदावर मांडलेला असतो. तो आदल्या रात्री वाचायचा, सकाळी छोट्या गटात त्यावर बोलायचं आणि मग वर्गात जायचं.

वर्ग घोड्याच्या नालेसारखा, पायऱ्यापायऱ्यांचा. एका तुकडीत साधारण ९० जण, प्रत्येकासमोर नावाची मोठी पाटी. प्राध्यापक आत येतात, एका पाटीवर नजर थांबते: "तुम्ही सुरुवात करा." याला म्हणतात 'कोल्ड कॉल'. छातीत धस्स होतंच!

आपल्याकडे सर बोलतात, आपण लिहून घेतो. तिथे वर्गातल्या बोलण्याला गुणांमध्ये मोठा वाटा असतो. इंग्रजी उत्तम असलेली मुलंही सुरुवातीला गप्प बसतात, कारण वाक्य मनात जुळवेपर्यंत चर्चा पुढे गेलेली असते. माझ्या मते इथे उच्चारांची लाज अजिबात बाळगू नये. भारतातल्या बाजारपेठेचा तुमचा अनुभव वर्गाला हवाच असतो.

आणि हो, अमेरिकेच्या एफ-१ व्हिसावर पहिलं शैक्षणिक वर्ष कॅम्पसबाहेर नोकरी करता येत नाही. कॅम्पसवरही सत्र चालू असताना आठवड्याला २० तासांचीच मुभा आहे. पैशांचं गणित निघण्यापूर्वीच घरच्यांसोबत बसून मांडा.