शिंका कोणत्या परागकणांच्या?

पावसाळा सरत आला, की दवाखान्यात शिंकणाऱ्यांची रांग लागते. "डॉक्टरसाहेब, धुळीची ॲलर्जी आहे," असे बहुतेक जण सांगतात. शेतात राबणाऱ्या एका बाईंनी याच समजुतीने घरची झाडलोट सुनेवर सोपवली, गाद्या उन्हात टाकल्या. तरी दम लागायचा तो लागेच. मी त्रासाच्या दिवसांवर कॅलेंडरात खुणा करायला सांगितल्या. तेव्हा उलगडा झाला. बांधावरचे गवत फुलले की त्रास सुरू होई, वाळले की थांबे. संशय परागकणांवर गेला.

गवताचे परागकण साधारण २० ते ४० मायक्रॉनचे. हजार मायक्रॉन म्हणजे एक मिलिमीटर. हवेतले कण चिकट पट्टीवर धरून सूक्ष्मदर्शकाखाली ओळखण्याची पद्धत जुनी आहे. मात्र त्यात वेळ फार जातो आणि निरनिराळ्या गवतांचे कण जवळजवळ सारखेच दिसतात.

येथे 'रामन परिणाम' कामी येतो. सर सी. व्ही. रामन यांनी तो १९२८ साली कलकत्त्यात शोधला व १९३० साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. कणावर लेसरचा झोत टाकला की विखुरलेला बहुतेक प्रकाश त्याच रंगाचा राहतो. अत्यल्प प्रकाशाचा रंग मात्र किंचित बदलतो. कणातील प्रथिने, स्निग्ध पदार्थ, रंगद्रव्ये यांच्या रेणूंची कंपने जशी, तसा हा बदल. त्यातून मिळणारा वर्णपट संगणक आधी नोंदलेल्या वर्णपटांशी ताडून पाहतो आणि कण कोणत्या वनस्पतीचा ते सांगतो.

हे काम अजून मुख्यतः प्रयोगशाळांतच चालते. जवळच्या जातींत गफलतही होऊ शकते. शिवाय यंत्र हवेत काय आहे ते सांगेल. तुम्हाला कशाचे वावडे आहे, ते नाही. त्यासाठी तज्ज्ञांकडून त्वचेची चाचणी करून घ्यावी लागते. त्याआधी ॲलर्जीच्या कोणत्या गोळ्या किती दिवस बंद ठेवायच्या, हे डॉक्टरांना जरूर विचारावे.

त्या बाईंच्या चाचणीत गवताचेच वावडे निघाले. आता गवत फुलण्याआधीच त्या डॉक्टरी सल्ल्याने औषध सुरू करतात, बांधावर जाताना नाकातोंडाला फडके बांधतात आणि घरी येताच तोंड धुऊन कपडे बदलतात.

वाचकहो, तुम्हीही त्रासाची तारीख, जागा आणि आसपास काय फुलले होते ते लिहून ठेवा. दम लागत असेल तर दुकानातून परस्पर गोळ्या आणून दिवस काढू नका.